आज्जा-आज्जींच्या घरातली फोटोंची भिंत : प्रकल्प नोंदी

६ एप्रिल २०२५, रविवार, रामनवमी

काम ठरलं. गावच्या घरात फोटो नीट लावायचे. गाव बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला. घरात आज्जा, आज्जी आणि मांजर एवढेच असतात. सध्या सोप्यात दाराच्या वर पाच-सहा फ्रेमा आहेत, पार छताजवळ, पुढं झुकवून दोरीला बांधलेल्या. बाकीचं सगळं विखुरलेलं: माळ्यावरच्या ट्रंकेत, आज्जीच्या गाठोड्यात, काकाच्या कपाटात एका इन्शुरन्सच्या पिशवीत.

आज फोटोंना हातच लावला नाही, फक्त भिंती बघितल्या. जोतं चिऱ्याचं, वर मातीच्या भिंती, चुन्याचा गिलावा, डोक्यावर खानापूरची कौलं. पश्चिमेची भिंत पावसाच्या तोंडाला आहे. एप्रिलात, भर उन्हाळ्यात, तिच्यावर बोट ओढलं तर पांढरं पीठ हाताला येतं. लोणा लागलाय. तिथं काहीच लावायचं नाही, देवाचं कॅलेंडरसुद्धा. स्वयंपाकघराकडची भिंत धुरानं काळी. गॅस आहे, पण आज्जीची भाकरी चुलीवरच. पूर्वेच्या भिंतीवर सकाळचं ऊन थेट येतं. उरली सोपा आणि माजघर यांच्यामधली भिंत. दोन्ही अंगांनी कोरडी, ऊन नाही, आणि दोन खांबांच्या मध्ये सलग नऊ फूट मोकळी. तीच.

दारावरच्या झुकलेल्या फ्रेमांना आम्ही पोरं हसायचो. आज खाली घोंगड्यावर बसून वर बघितलं तेव्हा लक्षात आलं की त्या बसणाऱ्यासाठीच तशा लावल्यात. काचेवर दाराचा उजेड चमकत नाही, चेहरा सरळ आपल्याकडं येतो, आणि मागं हवा खेळत असल्यामुळं भिंतीची ओल फोटोला लागत नाही. ज्यानं लावल्या त्याला काम कळत होतं.

१३ एप्रिल, रविवार

ट्रंक खाली काढली. वर डांबरगोळ्यांचा वास, तळाला कडुनिंबाच्या पाल्याचा चुरा. कौलांखाली माळ्यावर उन्हाळ्यात भट्टी पेटते आणि पावसाळ्यात सगळं दमट होतं, म्हणजे फोटो ठेवायला याहून वाईट जागा घरात दुसरी नाही. ट्रंक परत वर जाणार नाही, हे आज्जाला सांगून टाकलं.

रंगीत फोटो सगळे लालसर झालेत. आत्याच्या लग्नाच्या अल्बमात तर मांडव, वऱ्हाड, भटजी, सगळे एकाच तांबड्या रंगात. त्या काळच्या रंगीत कागदात निळसर थर सगळ्यात कच्चा असायचा. अंधारात ठेवला तरी उष्णतेनं तो आधी जातो आणि लाल मागं उरतो. काळेपांढरे मात्र साठ-सत्तर वर्षांनी धडधाकट. काहींच्या काळ्या भागावर आरशासारखी चंदेरी झाक आलीय, तिरकं धरलं की दिसते. ती पुसायची नाही. फोटोतली चांदीच ती, वर आलेली.

अल्बमाच्या चिकट पानांवरचे फोटो सुटत नव्हते. दातांच्या डॉक्टरकडं मिळतो तो डेंटल फ्लॉस फोटोखालून करवतीसारखा हळूहळू ओढला, बहुतेक सुटले. जे सुटले नाहीत ते पानासकट कापून ठेवले.

आज्जी शेजारी बसून नावं सांगत होती, मी मोबाइलवर रेकॉर्ड करत होतो. तिचं सांगणं सालाप्रमाणं चालत नाही. एका फोटोतल्या बाईच्या नथीवरून ती दुसऱ्या घरात जाते, तिथल्या म्हशीवरून तिसऱ्या गावात. मधेच, "ही गेली त्या साली आपली हीर आटली हुती." तेवढ्यावरून साल काढायचं काम माझं.

प्रत्येक फोटोच्या मागं कडेला मऊ पेन्सिलीनं आकडा. प्लास्टिकसारख्या गुळगुळीत कागदावर पेन्सिल उमटत नाही, त्यांना कागदी पाकिटं करून आकडा पाकिटावर टाकला. बॉलपेन कुणाच्याही हातात दिला नाही.

२० एप्रिल, रविवार

दारावरच्या फ्रेमा उतरवल्या. आजचा सगळा दिवस एका फ्रेमीत गेला, थोरल्या आज्जांच्या.

आज्जाचे हे थोरले भाऊ. पलटणीत होते, मराठा लाइट इन्फंट्रीत. आमच्या भागात असा फोटो नसलेलं घर शोधावं लागेल; बेळगावात पलटणीचं केंद्र १९२२ पासून आहे आणि भरतीला आमचीच पोरं. फ्रेम शिसवी, मागची तार गंजून सुईसारखी बारीक झालेली. पाठीवर भिंतीकडून आलेली वाळवीची मातीची वाट, सुकलेली. खिळे उचकटले. मागं पुठ्ठा, पुठ्ठ्यामागं घडी घातलेला बेळगावच्या 'तरुण भारत'चा कागद. तारखेचा कोपरा कसरीनं खाल्लाय, पण बिडीची एक जाहिरात शाबूत आहे आणि तिच्यातल्या पत्त्यात 'म्हैसूर राज्य' असं छापलंय. म्हणजे ही फ्रेम १ नोव्हेंबर १९५६ नंतर आणि १ नोव्हेंबर १९७३ च्या आधी बांधलेली. बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसुरात गेलं ते १९५६ ला, आणि म्हैसूरचं नाव कर्नाटक झालं ते १९७३ ला.

फोटो काचेला चिकटलाय. डाव्या खांद्यावर पाणी शिरून एक डाग झालाय, तळहाताएवढा, आणि तिथं कागद आणि काच एकजीव झालेत. काका म्हणाला, जरा पाणी मारून ओढ. नाही म्हणालो. ओढलं तर फोटोचा थर काचेवर राहतो आणि कागद मोकळा होतो. काच बाहेरून पुसली, आतून तशीच ठेवली, खिडकीच्या उजेडात कॅमेऱ्यामागं काळी घोंगडी धरून काचेवरूनच फोटो घेतला. डाग दिसतो. दिसू दे.

काचेवर कपाळाच्या जागी वर्षानुवर्षांचं कुंकू बसलेलं. तेही पुसायचं नाही, असं आज्जीनं बजावलं.

१ मे, गुरुवार

फोटो कधीचा हे ठरवायचं काम. कुणी विचारलं तर उपयोगी पडेल म्हणून पद्धत लिहून ठेवतो.

पहिलं बघायचं ते मागची बाजू आणि खालचा उजवा कोपरा. स्टुडिओचा शिक्का किंवा उठावाचा ठसा असतो. आमच्याकडच्या शिक्क्यांतलं राज्याचं नाव हेच मोठं साधन: मुंबई, म्हैसूर, कर्नाटक. सातारा-पुण्याच्या लोकांना दोनच नावं, मुंबई आणि महाराष्ट्र! मग कडा. करवतीसारख्या कातरलेल्या कडा म्हणजे बहुधा चाळीस ते साठच्या दशकांतलं. चौकोनी छोटे फोटो १२० नंबरच्या फिल्म रोलचे. काकानं पहिल्या पगारात घेतलेला अग्फा क्लिक थ्री कॅमेरा अजून कपाटात आहे, त्याचे सगळे फोटो चौकोनीच. कोपऱ्यात नारिंगी आकड्यांत तारीख असेल तर काम सोपं, मात्र कॅमेऱ्यात तारीख लावलेली असेल तरच. आमच्या एका बारशाच्या फोटोवर जी तारीख आहे तिच्याप्रमाणं बाळ जन्माआधी वर्षभर पाळण्यात आहे.

थोरल्या आज्जांच्या टोपीवरचा बिल्ला मोठा करून बघितला. बिगुलाच्या वर मुकुट आहे, अशोकस्तंभाचे सिंह नाहीत. म्हणजे फोटो प्रजासत्ताक होण्याआधीचा. घरात आजवर सगळे त्यांना पासष्टच्या लढाईत भरती झालेले समजत होते. आज्जाला दाखवलं तर म्हणाले, "मी सांगतोय की कधीपास्नं. माझं कोण ऐकतंय."

मुंबईच्या आज्जांचा, म्हणजे गिरणीत होते त्यांचा, लालबागकडचा स्टुडिओतला फोटो: मागं रंगवलेला महाल, हात टेलिफोनवर. टेलिफोन स्टुडिओचा. १९८२ च्या संपानंतर ते गावी आले ते कायमचे, आणि आमच्या घरात फोन त्यांच्या मागारी आला.

१० मे, दुसरा शनिवार

आज उंचीवरून रामायण.

प्रदर्शनात चित्राचा मध्य जमिनीपासून ५७ ते ६० इंचांवर ठेवतात, उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीला. तसा दोरा मारला. आज्जी खांबाला टेकून तांदूळ निवडत होती. "काय करूलालास रे तितं? मला काय दिसनार हाय ते?"

टेप घेऊन तिच्या डोळ्यांची उंची मोजली: ३० इंच. आज्जा कॉटवर बसतात, त्यांची ४३. या घरात दिवसभर उभं राहून भिंत बघणारं कुणीच नाही. उभे राहतो ते आम्ही, वर्षातून चार वेळा येणारे, चहा पिऊन जाणारे. मग माझ्या डोळ्यांच्या उंचीला फोटो कशाला? माजघराच्या अंगाला खालची ओळ आज्जीसाठी, मध्य ३२ इंचांवर. वरची ओळ आज्जाच्या कॉटसमोर, ४४ वर. खालच्या फ्रेमांची खालची कड मात्र दोन फुटांच्या खाली जाणार नाही, नाहीतर फरशी पुसताना पाणी उडणार आणि मांजराची शेपटी लागणार. काकूला हे पसंत नाही. "फोटो का म्हशीच्या गोठ्यात बांधायलायस काय, इतके खाली?" पाहुण्यांना वाकून बघावं लागेल हे तिचं म्हणणं खरंय. वाकतील.

दुसरा वाद जास्त अवघड. गेलेल्यांचे आणि असलेल्यांचे फोटो एका ओळीत नकोत, असं काकाचं मत. आमच्याकडं गेलेल्यांचे फोटो दक्षिणेच्या अंगाला, हार घालून. मी आज्जीकडं बघितलं. तिनं सुपातलं वर न बघता निकाल दिला: "माजघरात कुणालाच हार घालू नका, मग चालतंय." म्हणजे हारवाले थोरले आज्जा वगैरे सोप्यात आपल्या जागी, जुन्या पद्धतीनं झुकलेले, माजघरात सगळे मिसळून, बिनहाराचे. देव, शिवाजी महाराज आणि कालनिर्णय यांच्या जागांना हात लावायचा नाही, हे आज्जाचं एक वाक्य. मंजूर.

११ मे, रविवार

यादी बघितल्यावर खटकलं ते हे: आज्जा अकरा फोटोंत, आज्जी तीन. त्यातल्या दोहोंत ती कडेला, पदराआड. लग्नाचा फोटोच नाही. काढलाच नव्हता म्हणे. लग्नाआधीचा तर प्रश्नच नाही.

तिचं माहेर चंदगड तालुक्यात. गाडी काढून तिला घेऊनच गेलो. शिनोळी आली की महाराष्ट्र. धाकट्या बहिणीकडं, म्हणजे माझ्या मावशीआज्जीकडं, शाळेचा एक ग्रुप फोटो निघाला. चौथीचा वर्ग, सन १९५२. पुढं बसलेल्या पोराच्या मांडीवर पाटी, तिच्यावर खडूनं गावाचं नाव आणि खाली 'जि. बेळगाव'. चंदगड १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यातच होतं. राज्यं पाडली तेव्हा ते कोल्हापुरात गेलं आणि खानापूर इकडं राहिलं. आज्जीचं सासर-माहेर एका जिल्ह्यातलं होतं, ते लग्नाच्या आधीच दोन राज्यांत पडलं होतं.

मुली सगळ्या मागच्या ओळीत, मास्तरांच्या डाव्या हाताला. दोघी बहिणींनी एकदम एका मुलीवर बोट ठेवलं. मग कोण कुठली यावरून भांडण लागलं. शेवटी मावशीआज्जी म्हणाली, "तुझंच तोंड ते. मी त्या साली गोवरानं घरात." चेहरा चार मिलिमीटरचा. मूळ फोटो त्यांच्याकडंच राहिला, तिथंच टेबलावर ठेवून लॅपटॉपला जोडलेल्या स्कॅनरवर १२०० डीपीआयला घेतला.

१४ मे, बुधवार

भावानं बेंगळूरहून तो चेहरा कुठल्यातरी एआय ॲपमधून 'सुधारून' पाठवला. तुकतुकीत गाल, रेखीव भुवया, ओळीत दात. आज्जीला मोबाइलवर दाखवला. "ही कोण?"

चार मिलिमीटरात जेवढं आहे तेवढंच खरं. बाकी ॲपनं दुसऱ्याच कुणाकडून आणून बसवलेलं. तो काढून टाकला. आख्खा वर्ग दुप्पट मोठा छापायचा, मास्तर, पाटी, सगळं घेऊन. आज्जाचं पेपर वाचायचं भिंग घरात आहेच.

१८ मे, रविवार

बेळगावच्या खडे बाजारात फ्रेमवाल्याकडं. दुकानदार निम्मं कानडी निम्मं मराठी बोलतो, हिशोब मात्र पक्का मराठीत. ठरलं ते असं:

भिंतीवर प्रती, मूळ फोटो कपाटात. काका म्हणाला, मग भिंतीवरचे खोटेच की. खोटे नाहीत, फिकट झाले तर पुन्हा छापता येतील, एवढंच. मूळ फोटो कागदी पाकिटात, स्टीलच्या कपाटात, खालच्या खोलीत.

माजघरातल्या फ्रेमा ॲल्युमिनियमच्या. लाकूड मला आवडतं, पण वाळवीला माझ्यापेक्षा जास्त आवडतं. काच साधी २ मिमी, पण फोटो आणि काच यांच्यात जाड माउंट (फोटोभोवतीची पुठ्ठ्याची चौकट), म्हणजे पावसाळ्यात काचेला घाम आला तरी फोटो तिला चिकटणार नाही. थोरल्या आज्जांचं झालं ते पुन्हा नको. मागं एमडीएफ नाही, ते ओल पिऊन फुगतं. प्लास्टिकच्या फोमचा सनबोर्ड आणि कडेनं टेप, कसरीला वाटच ठेवायची नाही. कागद चकाकणारा नको, मॅट.

आत्याच्या लग्नाच्या फोटोंतला रंग कॉम्प्युटरवर परत आणला. शालू हिरवा होता, हे आत्यानं व्हिडिओ कॉलवर दटावून सांगितलं. मी तो निळा केला होता.

दुपारी सुतारमामा. मातीच्या भिंतीत गट्टू (स्क्रूसाठी ठोकतात ते बूच) धरत नाही, ड्रिल लावलं तर भोक पडत नाही, खड्डा पडतो. म्हणून भिंतीला खिळाच नाही. जुन्या चौकटीची सागवानी पट्टी घेऊन ती दोन्ही खांबांत स्क्रूनं बसवायची, भिंतीपासून अर्धा इंच सुटी, आणि फ्रेमा पट्टीवरून सोडायच्या. मामांनी तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, सुचवला होता. तंगूस ताणतो, महिन्यात ओळ वाकडी होईल. बारीक स्टीलची वायर घेतली. फ्रेमेच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून रबरी बूच, म्हणजे तिथूनही हवा.

२५ मे, रविवार

काम बंद. पाऊस. यंदा मान्सून कालच, २४ ला, केरळात पोचला, २००९ नंतर पहिल्यांदाच इतक्या लवकर, आणि आज कोकणात. आमच्याकडं त्याच्याही आधीपासून झोडपतोय. कौलं शिवायची राहिलीत, आधी ती. फ्रेमा बेळगावातच ठेवल्या.

८ जून, रविवार

लावल्या.

क्रम आज्जीचा. मी कुटुंबवृक्षाप्रमाणं मांडणी करून आणली होती, कागदावर सुंदर दिसत होती. ती तिला वाचताच येईना. मग फ्रेमा जमिनीवर पसरल्या आणि ती सांगेल तशा उचलल्या. शाळेच्या फोटोशेजारी मावशीआज्जी, तिच्याशेजारी मुंबईचे आज्जा, कारण तिच्या लग्नाला त्यांनी गिरणीतलं कापड आणलं होतं, मग आत्या, मग आत्याला पाळण्यात जोजवणारी शेजारीण. ती आमच्या नात्यातली नाही, पण ती भिंतीवर पाहिजेच. आज्जाचे अकरांपैकी चारच बसले. त्यांनी मोजले, काही बोलले नाहीत.

वायरीची लांबी एकेक करून जुळवण्यात संध्याकाळ झाली. लेव्हल ट्यूब लावून ओळ सरळ केली तर ती वाकडी दिसते, कारण घराची जमीनच एका अंगाला उतरलीय. शेवटी जमिनीला धरून लावली.

३१ ऑगस्ट, रविवार, गौरी आवाहन

गणपतीला सगळं घर भरलेलं. धारवाडहून आत्याची नातवंडं आली. त्यांच्या घरी कानडी आणि इंग्रजी. देवनागरी अक्षर लावून लावून वाचतात. फोटोखाली मी मराठीत नावं लावली होती, तर मोठी नात आज्जीलाच विचारत बसली, हे कोण, ते कोण. मी आज्जाकडं बघितलं, कारण सीमाप्रश्नाच्या मोर्चात त्यांनी लाठ्या खाल्लेल्या. ते म्हणाले, "वर मराठीत हायच. खाली कानडीत पन लाव की, जागा हाय." नातीनंच कानडी अक्षरं काढून दिली. लॅमिनेशन केलेलं नाही. कार्डावर पेन्सिलीनं, म्हणजे चूक असेल तर खोडता येते. तीन ठिकाणी खोडावी लागली. आत्याच्या सासऱ्यांचं गाव बैलहोंगल, आम्ही सौंदत्ती लिहून बसलो होतो.

पाहुणे वाकून बघत होते. काकू माझ्याकडं बघत होती.

१२ ऑक्टोबर, रविवार

पावसाळा गेला, तपासणी. सगळ्या फ्रेमा उतरवून मागून बघितल्या. माजघराकडं कसर नाही, वाळवी नाही. स्वयंपाकघराच्या दाराजवळच्या दोन फ्रेमांच्या काचेवर आतून वाफेचा पापुद्रा आलाय; माउंटमुळं फोटोपर्यंत पोचलेला नाही. त्या दोन्ही तिथून काढून कॉटच्या बाजूला घेतल्या. सोप्यातल्या एका जुन्या फ्रेमेमागं वाळवीची ताजी वाट, बोटभर. पुसली, औषध मारलं, फ्रेमेला खालून बुचं लावली. खांबाच्या बुडाशी सुतारमामांना बोलावून बघायला लावायचंय, वाट तिथूनच चढत असणार.

आज्जानं अखेर तोंड उघडलं. त्यांचे फोटो कमी झाल्याचं काही नाही, पण बेंदराचा बैलजोडीचा फोटो कुठं गेला? तो मी ट्रंकेत 'इतर'मध्ये टाकलेला. डाव्या बैलाची शिंगं आणि कासरा धरलेला हात एवढंच फोटोत आलंय, माणूस कापला गेलाय. हात त्यांचाच. दोन्ही बैलांची नावं सांगितली, कुठल्या बाजारातून आणले ते सांगितलं, डावा कशानं गेला तेही. रेकॉर्ड केलं.

फाइल फ्रेमवाल्याला पाठवली. १०×१२, मॅट, आज्जाच्या ओळीत, ४४ वर. दिवाळीआधी देतो म्हणालाय. नावांचं कार्ड दोन्ही लिपीत, बैलांच्या नावांसकट.